अर्ज आपल्या भाषेत, मग उत्तर का नाही?

सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की आपल्याकडे आधी नकाशा पुढे येतो. कोणते गाव कोणत्या राज्यात, महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात काय दिले नि काय नाकारले, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचे पुढे काय होणार, यावर आपण तासन् तास बोलतो. ते बोलणे गैर नाही. मूळ मागणीला आम्ही या लेखात हातही लावत नाही. पण नकाशाचा निकाल लागेपर्यंत सीमाभागातील माणसाचे जगणे काही थांबत नाही. त्याला जमिनीचा उतारा काढावा लागतो, वारसाची नोंद करावी लागते, रेशनकार्डात सुनेचे नाव घालावे लागते, घरपट्टीची नोटीस वाचून मुदतीत उत्तर द्यावे लागते. हा सारा व्यवहार कचेरीच्या खिडकीवर होतो, आणि भाषेचा प्रश्न रोजच्या रोज सोसावा लागतो तो त्या खिडकीवरच.

म्हणून आम्हाला असे वाटते की, कोणत्याही राज्याच्या भाषाधोरणाची परीक्षा त्याच्या घोषणांवरून न करता तीन साध्या प्रश्नांवरून करावी. नागरिकाला अर्ज कोणत्या भाषेत करता येतो? त्याला उत्तर कोणत्या भाषेत मिळते? आणि त्या भाषेत उत्तर मिळाले नाही, तर दाद कोणाकडे मागायची? हे तीन प्रश्न घेऊन आपण आपल्या शेजारच्या देशांत जरा फिरून येऊ. तेथील माणसे आपल्यासारखीच, कचेऱ्या आपल्यासारख्याच, आणि त्यांच्या कारभारावर इंग्रजी अमदानीची किंवा राजेशाहीची छाप आपल्याइतकीच आहे. युरोपातील स्वित्झर्लंडचे दाखले देण्यापेक्षा हा शेजारधर्म अधिक उपयोगाचा आहे.

श्रीलंका : ठेचेनंतर आलेले शहाणपण

श्रीलंकेत १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. त्याच वर्षी आपल्याकडे भाषावार राज्यरचना झाली, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बंडारनायके यांनी सिंहलीचे आश्वासन देऊन निवडणूक जिंकली होती आणि ते आश्वासन त्यांनी लगोलग पाळले. एक भाषा लादाल तर देशाचे दोन तुकडे होतील, दोन भाषा मान्य कराल तर देश एक राहील, असा इशारा कोल्विन डिसिल्वा यांनी तेव्हाच दिला होता. तो कोणी ऐकला नाही. पुढे बंडारनायके यांनाच चूक उमगली असावी. १९५७ साली त्यांनी तामिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. पण बौद्ध भिक्षूंच्या आणि विरोधकांच्या दडपणाखाली १९५८ च्या एप्रिलमध्ये तो करार त्यांना मोडावा लागला. त्याच वर्षी तामिळ भाषेच्या वापरासाठी विशेष तरतुदींचा कायदा झाला, पण त्याचे नियम संमत व्हायला १९६६ साल उजाडले. कायदा आज आणि नियम आठ वर्षांनी, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

या धोरणाचा पहिला फटका बसला तो कचेरीतल्या माणसाला. वर्षानुवर्षे सरकारी नोकरीत असलेल्या तामिळ कारकुनाला सिंहलीची परीक्षा द्या, नाहीतर घरी जा, असे सांगण्यात आले. दुसरा फटका खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला बसला. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या सुंदर बेटावर युद्ध चालले. युद्धाला कारणे अनेक होती, सगळा दोष एका कायद्यावर टाकता येणार नाही. पण ज्या अपमानातून दोन समाजांमधला विश्वास तुटला, त्याची सुरुवात भाषेच्या कायद्यापासून झाली, हे आज तेथील अनेक सिंहली विचारवंतही मान्य करतात.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तामिळ हीही राजभाषा झाली. १९८८ च्या सोळाव्या दुरुस्तीने कारभाराची भाषा कोणती, हे प्रांतवार लिहिले गेले : उत्तर व पूर्व प्रांतांत तामिळ आणि अन्यत्र सिंहली. एवढ्यावर थांबले असते तर प्रत्येक प्रांतातला अल्पसंख्य पुन्हा वाऱ्यावर राहिला असता. म्हणून त्याच कलमात दोन गोष्टी घातल्या गेल्या. एखाद्या विभागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पाहून तेवढ्या विभागापुरता दोन्ही भाषांत कारभार करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष देऊ शकतात. नुवारा एलियासारख्या चहामळ्यांच्या जिल्ह्यात असे द्विभाषिक विभाग नंतर जाहीर झालेही. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. सिंहली कारभाराच्या भागात राहणाऱ्या माणसाला सरकारी अधिकाऱ्याशी तामिळ किंवा इंग्रजीत व्यवहार करण्याचा, आणि ज्या भाषेत त्याने लिहिले त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क घटनेनेच दिला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी शोधले. १९९१ च्या कायद्याने राजभाषा आयोग स्थापन झाला. तक्रार आली की आयोग चौकशी करतो, शिफारस करतो, आणि ती पाळली गेली नाही तर न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. जाणूनबुजून त्या भाषेत काम नाकारणारा अधिकारी शिक्षेला पात्र ठरू शकतो. २००७ मध्ये आणखी एक पाऊल पडले. त्या वर्षीच्या १ जुलैपासून नोकरीत येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी पाच वर्षांत दुसरी राजभाषा शिकून घ्यावी, असे परिपत्रक निघाले. सक्ती जनतेवरून उचलून अधिकाऱ्यावर ठेवली गेली, हे या परिपत्रकाचे खरे मर्म आहे.

मग तेथे सारे आलबेल आहे काय? मुळीच नाही. युद्धानंतर नेमलेल्या आयोगाने २०११ च्या अहवालात, तामिळ माणसाला पोलीस ठाण्यात स्वतःच्या भाषेत जबाब देता येत नाही, ही व्यथा मांडली आणि तामिळ जाणणारे अधिकारी नेमण्याची शिफारस केली. भाषांतरकार अपुरे पडतात, अर्ज छापलेले असतात पण ते वाचणारा कारकून नसतो. घटनेतले सोन्याचे कलम आणि खिडकीवरचा कथलाचा वाळा यांत तेथेही अंतर आहेच. तरीही तेथील नागरिकाच्या हातात बोट ठेवून दाखवायला एक कलम आहे. आपल्या हातात ते आहे का, हा प्रश्न पुढे येईलच.

नेपाळ : १ जूनची दुसरी आठवण

नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहिली जाते. पंचायत राजवटीत तेथे एक भाषा, एक वेष असे धोरण होते. १९९० च्या राज्यघटनेने नेपाळी ही राष्ट्रभाषा आणि इतर मातृभाषा या राष्ट्रीय भाषा, असा शब्दांचा खेळ केला. ‘राष्ट्रभाषा’ आणि ‘राष्ट्रीय भाषा’ यांत फरक काय, हे लोकांना लवकरच कळले.

१९९७ मध्ये काठमांडू नगरपालिकेने नेपाळीच्या जोडीला नेपाळ भाषा, म्हणजे नेवारी, कारभारात वापरण्याचे ठरविले. तराईतील जनकपूर, राजविराज येथील नगरपालिकांनी मैथिलीबाबत तसेच केले. कोणी नेपाळी काढून टाकली नव्हती, जोडीला आपली भाषा ठेवली होती. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ च्या मार्चमध्ये अंतरिम मनाई झाली आणि १ जून १९९९ रोजी हे निर्णय घटनाबाह्य ठरले. नेवार समाज तेव्हापासून तो दिवस काळा दिवस म्हणून पाळत आला आहे. सीमाभागातील वाचकांना १ जून ही तारीख निराळी सांगायला नको. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना आपण त्याच दिवशी हिंडलग्याच्या स्मारकावर अभिवादन करतो. दोन देशांतल्या दोन समाजांच्या दुःखाची तारीख एकच निघावी, हा केवळ योगायोग आहे. पण दुःखाचे कारणही बरेचसे एकच निघते, तो मात्र योगायोग नव्हे.

नेपाळने पुढे वाट बदलली. २०१५ च्या राज्यघटनेने देशात बोलल्या जाणाऱ्या सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटले. सरकारी कामकाजाची भाषा देवनागरीतील नेपाळी ठेवली, पण प्रांतांना आपल्या बहुसंख्य लोकांच्या आणखी एक वा अधिक भाषा कामकाजासाठी निवडण्याची मुभा दिली. भाषा आयोग नेमला गेला आणि २०२१ मध्ये त्याने सात प्रांतांसाठी ११ भाषांची शिफारस केली. बागमती प्रांतात, म्हणजे काठमांडू ज्या प्रांतात आहे तेथे, तामाङ आणि नेपाळ भाषा यांना २०२४ मध्ये कामकाजाचा दर्जा मिळाला. जी गोष्ट १९९९ मध्ये घटनाबाह्य ठरली होती, ती पाव शतकाने कायदेशीर झाली. मधल्या काळात नेपाळ तुटले नाही की नेपाळी भाषेचे काही बिघडले नाही. तेथेही अंमलबजावणीचा वेग गोगलगायीचा आहे. तरी नेपाळचा धडा असा की, भाषेचा निर्णय राजधानीने एकट्याने करायचा नसतो, तो प्रांतांच्या आणि नगरपालिकांच्या पातळीवरही करता येतो.

बांगलादेश आणि पाकिस्तान

२१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले. १९९९ साली युनेस्कोने तो दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. त्याआधी, १९४८ च्या फेब्रुवारीतच, धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या घटना समितीत बंगालीलाही स्थान द्या, एवढीच मागणी केली होती. ती फेटाळली गेली. १९५६ च्या घटनेत अखेर उर्दू व बंगाली या दोन्ही भाषांना स्थान मिळाले, पण तोवर मने दुरावली होती. १९७१ मध्ये देशच दुभंगला. वरातीमागून आलेल्या घोड्याचा उपयोग किती, हे यावरून कळावे.

मात्र ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, असा नियम नाही. स्वतंत्र बांगलादेशाने बंगाली ही राज्यभाषा केली, १९८७ मध्ये सरकारी कचेऱ्यांत बंगालीच वापरण्याचा कायदा केला, आणि चितगावच्या डोंगरी भागातील चकमा, मर्मा, त्रिपुरा या लोकांच्या भाषा बाजूलाच राहिल्या. १९९७ च्या शांतता करारानंतर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची गोष्ट निघाली, आणि चकमा, मर्मा, त्रिपुरा, गारो व सादरी या पाच भाषांतील शाळापूर्व पुस्तके मुलांच्या हाती पडायला २०१७ साल उजाडले. पुस्तके आली, पण ती शिकवू शकणारे शिक्षक पुरेसे नाहीत. कारभाराच्या खिडकीपर्यंत तर या भाषा अजून पोचायच्या आहेत. भाषेसाठी हुतात्मे देणाऱ्या देशाची ही कथा महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने दोघांनीही मन लावून वाचावी.

पाकिस्तानातील सिंध प्रांताचा एक लहानसा दाखला मात्र घेण्यासारखा आहे. १९७२ मध्ये सिंधीचा कायदा झाल्यावर कराचीत उर्दू भाषकांनी उठाव केला, रक्त सांडले. तेव्हा तोडगा निघाला की, सिंधी येत नाही म्हणून बारा वर्षे कोणाचे नोकरीत नुकसान करू नये. भाषा ठेवायची आणि माणसाला वेळही द्यायचा, ही व्यवहाराची रीत त्या गदारोळातही सुचली.

आपल्या खिडकीवर काय दिसते?

आता घरी परत येऊ. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्यासाठी केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आहे. पण उत्तर कोणत्या भाषेत यावे, याविषयी ते कलम एक अक्षर बोलत नाही. अर्ज मराठीत घ्यायचा आणि उत्तर अर्जदाराला वाचता न येणाऱ्या लिपीत पाठवायचे, यात कलमाचा भंग होत नाही. ज्याला उत्तर वाचताच येत नाही, त्याने गाऱ्हाणे मांडले काय आणि न मांडले काय!

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये, केंद्राच्या गृहखात्याने १९५६ मध्ये आणि मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने १९६१ मध्ये याचा विचार केला होता. अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण जेथे १५ ते २० टक्के आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, आणि एखाद्या जिल्ह्यात हे प्रमाण ६० टक्क्यांवर असेल तर ती भाषा तेथे जादा राजभाषा करावी, असे त्या परिषदेत मान्य झाले. सीमाभागातील मराठी परिपत्रकांची मागणी या सर्वमान्य तत्त्वावर उभी आहे. ती कोणाच्या लहरीतून निघालेली नाही. पण तत्त्व मान्य होणे निराळे आणि ते कायद्यात उतरणे निराळे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. १९५७ पासून आयुक्त नेमले गेले, बेळगावात त्यांच्या विभागीय कार्यालयाचा काळही आपण पाहिला. या आयुक्तांनी चौकशी करायची, अहवाल राष्ट्रपतींना द्यायचा, तो संसदेपुढे ठेवला जायचा. अंमल करवून घेण्याची ताकद त्यांच्या हाती नाही. वाघाचे कातडे दिले, दात दिले नाहीत. श्रीलंकेच्या आयोगाशी हा फरक ताडून पाहावा.

यावर असे म्हटले जाईल की, भारतासारख्या देशात एवढ्या भाषांची उत्तरे कोण देणार? त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. केरळच्या १९६९ च्या राजभाषा कायद्यात तामिळ व कन्नड भाषक अल्पसंख्याकांना सरकारशी आपल्या भाषेत पत्रव्यवहार करण्याची मुभा आहे, आणि उत्तरही त्यांच्याच भाषेत द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कासरगोडच्या कन्नड माणसाला केरळ सरकारकडून कन्नड उत्तराचा हक्क कायद्याने आहे. २०१७ मध्ये केरळने शाळांत मल्याळम सक्तीची केली, तेव्हा कासरगोडच्या कन्नड भाषकांनी विरोध केला, आणि तो योग्यच होता. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही कोकणी ही राजभाषा ठरवताना मराठीचा सरकारी कामासाठी वापर करण्याची तरतूद ठेवली. त्यावरून गोव्यात वाद पुष्कळ झाले, अजूनही होतात, पण दोन भाषांनी कारभार अडून पडला नाही. कासरगोडच्या कन्नड माणसासाठी जो न्याय, तोच बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला का नसावा, एवढाच आमचा कर्नाटक सरकारला प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप असा की, कर्नाटकात राहायचे तर कन्नड शिका. शिकावीच. सीमाभागातील मराठी माणूस बाजारात, शेतात, एसटीत कन्नड बोलतोच, त्याचे त्याला कधी वावडे नव्हते. पण बोलता येणे आणि महसुली कन्नडात लिहिलेली नोटीस वाचता येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मराठी शाळेत चार बुके शिकलेली म्हातारी आपल्या हिश्श्याच्या जमिनीचा कागद वाचण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते. तो दुसरा भला असेल तर ठीक. नसेल, तर अंगठा कुठे उठला हे तिला कळायला दोन पिढ्या जातात. कर्नाटकाने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्यात देशाला वाट दाखविली. त्याच नोंदी जोडलिपीत छापून देणे त्या राज्याला अवघड आहे, असे कोणी म्हटले तर तो त्याच्याच कर्तबगारीचा अपमान होईल.

राहिला निष्ठेचा प्रश्न. मराठीत उतारा मागणारा राज्याशी बेइमान, ही समजूत काहींच्या मनात पक्की आहे. श्रीलंकेने तामिळला नकार देऊन जी किंमत मोजली ती पाहावी, आणि नेपाळने मातृभाषांना वाट करून दिल्यावर काय बिघडले तेही पाहावे.

आणि महाराष्ट्राला सांगायचे तर, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कन्नड भाषकांसाठी केरळसारखी स्पष्ट तरतूद महाराष्ट्राने आधी करावी. २०२२ च्या अखेरीस जतच्या गावांचा विषय पेटला, तेव्हा आपल्या पुढाऱ्यांची जी धांदल उडाली ती पुन्हा उडू नये. आपल्या घरात जो न्याय आपण दिला, तोच शेजाऱ्याकडे मागताना मान ताठ राहते.

मागण्या तीनच आहेत आणि त्या लहान आहेत. ज्या भाषेत अर्ज, त्या भाषेत उत्तर, हे ३५० व्या कलमाच्या जोडीला कायद्यात लिहावे. ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण ठरल्याएवढे आहे, तेथे नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्याला ती भाषा शिकण्यासाठी मुदत द्यावी आणि शिकण्याचे बंधनही घालावे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना आपल्या शिफारशी अमलात आणवून घेण्याचा अधिकार द्यावा. यांपैकी एकही मागणी नकाशाची रेघ इकडची तिकडे करत नाही. दावा न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर कचेरीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हातातला कागद वाचता यावा, एवढे करायला कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी आणि दिल्लीनेही याचा विचार करावा.